‘कॉटेज’ नव्हे, शेतघर: शॉटरीतल्या एका गवती घराविषयी

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचं व्याख्यान एका घराबद्दल आहे. एकाच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण स्थापत्यावर व्याख्यान म्हटलं की देवळं, किल्ले, राजवाडे, निदान एखादा पूल तरी लोकांना अपेक्षित असतो. आज आपण एका शेतकऱ्याचं घर बघणार आहोत. इंग्लंडमधल्या वॉरिकशर परगण्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे गाव आहे. तिथून मैलभरावर शॉटरी नावाची वस्ती आहे. त्या वस्तीतलं हे घर. दगडी जोतं, ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे भरलेल्या भिंती आणि वर गवताचं जाड छप्पर. जग त्याला ‘ॲन हॅथवेज कॉटेज’ म्हणतं. ॲन हॅथवे म्हणजे शेक्सपियरची बायको. हे तिचं माहेर.

आपल्यापैकी अनेकजण तिथे जाऊन आले असतील. शेक्सपियर आपल्याला परका नाही, आगरकरांनी १८८३ सालीच ‘हॅम्लेट’ मराठीत आणून ‘विकारविलसित’ नावानं छापलं. त्यामुळे लंडनला गेलेला मराठी माणूस एक दिवस काढून स्ट्रॅटफर्डला जातो, तिथून शॉटरीला जातो, फोटो काढतो. आणि घरात शिरल्यावर एक प्रश्न हमखास विचारतो: ‘यातलं मूळ किती?’

हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण मला असं म्हणायचंय की या घराला विचारण्यासारखा हा सगळ्यात दुबळा प्रश्न आहे. या घराचं स्थापत्य म्हणजे त्यात झालेले बदल. मूळ आणि बदल अशी फोड केली, की हातात एक अर्धवट सांगाडा उरतो आणि घर निसटतं. आणि दुर्दैवानं, ज्यांनी हे घर वाचवलं त्यांनीही काही अंशी हीच फोड केली.

नावापासून सुरुवात

‘कॉटेज’ हा शब्दच मुळात नंतरची डागडुजी आहे. हॅथवे कुटुंब इथे राहत होतं तेव्हा याचं नाव होतं ह्यूलँड्स फार्म. सुमारे ९० एकर जमिनीचं शेत. कॉटेज म्हणजे साधारणपणे भूमिहीन किंवा अगदी थोड्या जमिनीच्या माणसाची झोपडी. हे घर झोपडी नव्हतं. आज त्यात डझनभर खोल्या आहेत. ॲनचे वडील रिचर्ड हॅथवे १५८१ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात ॲनच्या लग्नासाठी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स ठेवले आहेत, आणि तिथे तिचं नाव ॲग्नेस असं लिहिलेलं आहे. म्हणजे बघा, घराचं नाव बदललेलं आणि घरातल्या मुलीचंही.

नावाचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. कॉटेज म्हटलं की आपण गोजिरवाणं काहीतरी शोधायला लागतो: झुकलेली वळचण, छोट्या खिडक्या, गुलाबाच्या वेली. शेतघर म्हटलं की वेगळे प्रश्न सुचतात. धान्य कुठे ठेवत होते? भाकऱ्या कुठे भाजत होते? धूर कुठून जात होता? या घराची उत्तरं दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना आहेत.

सांगाडा बदलू देतो

आता घराकडे बघू. बाहेरून पाहताना पहिली गोष्ट डोळ्यात भरते ती ही, की एक भाग बुटका आहे आणि एक उंच. छपराची रेघ मधेच पायरीसारखी चढते. बुटका भाग जुना. त्यातला सर्वांत जुना हिस्सा साधारण १४६३ चा, म्हणजे शेक्सपियरच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीचा मानला जातो. उंच भाग १७व्या शतकातला.

जुन्या भागाची रचना समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे जुनं घर मोजताना ‘किती खणांचं’ असं विचारतात. हेही खणांचंच घर आहे. मुख्य दालन दोन खणांचं. पण आपल्या घरात खणाच्या टोकाला सरळ खांब आणि वर तुळई असते, इथे वेगळी युक्ती आहे. तिला इंग्रजीत क्रक म्हणतात. वाकडं वाढलेलं ओकचं झाड निवडायचं. ते उभं चिरायचं. दोन सारखेच वाकडे अर्धे मिळतात. ते समोरासमोर उभे करून शेंड्याला जोडायचे. नमस्काराला हात जोडावेत तसा आकार तयार होतो. अशा जोड्या ओळीनं उभ्या केल्या की त्यांच्या टोकांवर आढं बसतं, आढ्यावरून वासे उतरतात, वाशांवर गवत.

यात खरी मेख अशी आहे की छपराचं वजन भिंतीवर येत नाही. ते वाकड्या लाकडातून थेट जमिनीकडे जातं. भिंत फक्त वारा-पाऊस अडवते. त्यामुळे भिंत कुडाची चालते: ओकच्या दांड्यांमधे लवचीक काठ्या विणायच्या, वरून माती, पेंढा आणि शेण यांचा लेप. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. हा कूड शंभर वर्षांनी ढासळला तर तो काढा, तिथे विटा भरा, खिडकी काढा, दार बुजवा. छप्पर हलत नाही.

म्हणजे या घरात पुढे जे असंख्य बदल झाले, ते घराशी केलेली जबरदस्ती नव्हती. १५व्या शतकातल्या त्या सुतारानं उभा केलेला सांगाडाच मुळी बदल पचवणारा होता. घर बांधताना त्यानं पुढच्या पिढ्यांना जागा सोडून ठेवली होती, जाणूनबुजून असो वा नसो.

पण क्रकला एक मर्यादाही आहे. घराची उंची आणि रुंदी झाड ठरवतं. झाड जेवढं, तेवढं घर. पुढे कोणाला उंच खोल्या हव्या झाल्या तर जुन्या भागाचं छप्पर सहज उचलता येत नाही. मग काय करायचं? शेजारी नवा उंच भाग जोडायचा. पर्यटकांना जी पायरी ‘किती छान, वेडीवाकडी’ वाटते, ती या अडचणीतून आलेली आहे. तिथे वेडंवाकडं काही नाही. हिशेब आहे.

धूर, मजला, धुराडं

सुरुवातीला मधलं दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं होतं. मधोमध जमिनीवर आगटी. धूर वर जायचा, गवतातून झिरपत बाहेर पडायचा. इंग्लंडच्या दक्षिणेकडे, विशेषतः डेव्हनमध्ये, काही घरांच्या छपरात आजही तळाशी काजळीनं काळं झालेलं मध्ययुगीन गवत सापडतं. इतकं जुनं गवत टिकलं, कारण छप्पर शाकारताना तळातलं काढत नाहीत, वर नवा थर देतात. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

मग १६व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या खेड्यांत एक मोठा बदल सुरू झाला. विल्यम हॅरिसन नावाच्या पाद्र्यानं १५७७ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात नोंद केली आहे की गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्या हयातीत तीन गोष्टी फार बदललेल्या दिसतात: धुराडी वाढली, अंथरुणं सुधारली आणि लाकडी भांड्यांच्या जागी धातूची आली. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ मध्ये या काळाला, साधारण १५७० ते १६४०, ग्रामीण इंग्लंडची ‘मोठी पुनर्बांधणी’ म्हटलं. त्यांच्या तारखांवर पुढे बरेच वाद झाले, पण घटना खरी आहे.

शॉटरीच्या घरात हे सगळं दिसतं. मोकळ्या दालनात मधे मजला घातला गेला. विटांची धुराडी आली. स्वयंपाकघरात भट्टी आहे. वर गेलात तर ती क्रकची वाकडी लाकडं खोलीच्या आत घुसलेली दिसतात, डोकं सांभाळून चालावं लागतं. मार्गदर्शक म्हणतात, बघा मूळ लाकूड. मी म्हणेन, ते लाकूड बघा, पण पायाखालची फळीही बघा. ही खोली मुळात खोली नव्हती. ती हवा होती. धुरानं भरलेली हवा. माणसांनी ती धुराकडून काढून घेतली आणि तिथे झोपायला लागली. डोळे न चुरचुरता स्वयंपाक होणं आणि वरच्या माळ्यावर बिछाना टाकता येणं, हा बाईमाणसाच्या आयुष्यातला केवढा फरक आहे! या घरातलं सगळ्यात मोठं स्थापत्य कुठलं असं मला विचारलंत, तर मी त्या मजल्याकडे बोट दाखवीन.

१६१० मध्ये ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू यानं या घराची मालकी विकत घेतली. तोवर हे कुटुंब कुळ होतं. कुळाचा मालक झाला की माणूस घराकडे वेगळ्या नजरेनं बघतो, हे आपल्याला सांगायला नको. उंच भाग याच शतकातला. आणि एका धुराड्यावर दगडात ‘आय. एच. १६९७’ असं कोरलेलं आहे. ही अक्षरं जॉन हॅथवेची. त्या काळी ‘जे’ऐवजी ‘आय’ कोरत. धुराडं बांधल्याचा अभिमान असणारा, त्यावर स्वतःचं नाव घालणारा हा शेतकरी. ॲन हे घर सोडून गेली त्याला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

छप्पर: दर पिढीचं नवं

आता गवत. बाहेरून जे छप्पर आपण बघतो, त्यातली एकही काडी शेक्सपियरच्या काळातली नाही, असू शकत नाही. गव्हाच्या लांब पेंढ्याचं छप्पर साधारण १५ ते २५ वर्षं टिकतं. पाणगवत, म्हणजे वॉटर रीड, त्याहून जास्त. आढ्यावरचा भाग तर दहा-पंधरा वर्षांत नवा करावा लागतो. पाणी वरच्या इंच-दीड इंचातून ओघळून जातं, आतलं कोरडं राहतं, म्हणून उतार तीव्र हवा आणि थर जाड हवा. पेंढ्या बसवायला हेझलच्या चिरलेल्या काड्या पिळून, केसातल्या आकड्यासारख्या वाकवून खुपसतात.

मराठीत ‘घर शाकारणं’ हे क्रियापद आहे, आणि ते दर पावसाळ्याआधीचं आहे. शाकारणं म्हणजे एकदा करून संपवायचं काम नाही. इंग्लंडमध्ये ते पिढीतून एकदा येतं एवढाच फरक.

आणि छपराचं मूळ शेतात असतं. कम्बाइन हार्वेस्टर आला, त्यात पेंढा मोडतो. गव्हाच्या बुटक्या जाती आल्या, त्यांची काडी पुरत नाही. म्हणून आज छपरासाठी मॅरिस विजनसारखा जुन्या वळणाचा उंच गहू मुद्दाम पेरतात आणि वेगळा कापतात. एके काळी जे शेतातलं उरलंसुरलं होतं, ते आता खास पीक आहे. रेल्वेनं वेल्सची पाटी, म्हणजे स्लेट, गावोगाव पोचवली तेव्हा गवत हे गरिबीचं लक्षण झालं. आज ते श्रीमंतीचं झालंय. घर तेच, छप्पर तेच, अर्थ दोनदा उलटला.

मग आले पाहुणे

१८व्या शतकाच्या शेवटी या घराची दुसरी कारकीर्द सुरू होते. सॅम्युएल आयर्लंड नावाचे चित्रकार-प्रकाशक स्ट्रॅटफर्डला आले. जॉन जॉर्डन नावाचा एक स्थानिक हौशी वाटाड्या त्यांना मिळाला. १७९५ मध्ये आयर्लंड यांनी एव्हन नदीकाठच्या दृश्यांचं पुस्तक काढलं, त्यात हे घर आलं. त्याच सुमारास त्यांचा मुलगा विल्यम हेन्री शेक्सपियरची खोटी कागदपत्रं तयार करत होता. त्यात शेक्सपियरनं ॲनला लिहिलेलं एक प्रेमपत्र होतं, सोबत केसांची बट. बापानं घराचं चित्र दिलं, मुलानं त्यात राहणारी प्रेमकथा पुरवली. प्रेमपत्र खोटं ठरलं. पण घराकडे बघण्याची ती नजर मात्र टिकली.

दरम्यान घरात राहणाऱ्यांचे दिवस फिरले. एके काळचं शेतघर वेगवेगळ्या बिऱ्हाडांत वाटलं गेलं. १८४६ पर्यंत हॅथवेंच्या वंशजांना पैशाअभावी ते विकावं लागलं, आणि ते आपल्याच घरात भाडेकरू झाले. १८९२ मध्ये शेक्सपियर बर्थप्लेस ट्रस्टनं घर घेतलं. तेव्हा तिथे राहणाऱ्या मेरी बेकर या हॅथवे घराण्यातल्या होत्या. ट्रस्टनं त्यांना तिथेच राहू दिलं, त्या पाहुण्यांना घर दाखवत. हे चांगलं केलं. पण त्याचबरोबर ट्रस्टनं नंतरची भर आणि नंतरचे फेरफार काढून टाकले.

इथे माझा आक्षेप आहे. ‘नंतरचे’ म्हणजे कोणाच्या नंतरचे? शेक्सपियरच्या. मजला ठेवला, धुराडी ठेवली, १६९७ चा दगड ठेवला, कारण ते जुनं दिसतं. गेलं ते गरीब भाडेकरूंच्या काळातलं. तोवर इंग्लंडमध्ये याविरुद्ध आवाज उठलेला होता. रस्किननं १८४९ मध्ये जीर्णोद्धाराच्या नावाखाली होणाऱ्या नाशावर लिहिलं होतं. विल्यम मॉरिस आणि मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली होती, तिचं म्हणणंच हे होतं की प्रत्येक काळाचा थर राहू द्या, डागडुजी करा, खरवडू नका. पण ही शिकवण चर्चच्या इमारतींपुरती ऐकली गेली. शेतकऱ्याच्या घराला ती लागू आहे हे कोणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

आणि गंमत पाहा. माझं अनुमान असं, की घर वाचलं ते त्या गरिबीमुळेच. हातात पैसा असता तर १८व्या-१९व्या शतकातल्या हॅथवेंनी समोरून विटांची नवी भिंत चढवली असती, गवत काढून कौलं घातली असती. ते त्यांना जमलं नाही म्हणून आपल्याला जुनं बघायला मिळतं. ज्या काळानं घर टिकवलं, त्याच काळाच्या खुणा आपण पुसल्या.

बागेचंही तसंच. समोर फुलांचे जे ताटवे दिसतात, त्यांना लोक ‘जुन्या इंग्लंडची बाग’ म्हणतात. त्यांचं आजचं रूप १९२०च्या दशकात एलन विल्मॉट या नामांकित उद्यानतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यानं घडलं. शेतघरासमोर गुरं, चिखल, शेणाचा ढीग असायचा. बाग सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती २०व्या शतकातली आहे. म्हणजे भाडेकरूंची भर काढली आणि आपली भर घातली.

विल्मकोटचा धडा

मूळ शोधण्याच्या नादात काय होतं याचं एक उदाहरण तिथून फार दूर नाही. विल्मकोट गावात शेक्सपियरच्या आईचं, मेरी आर्डनचं घर म्हणून एक लाकडी सांगाड्याचं देखणं घर दोन शतकं दाखवलं जात होतं. ते घर तिचंच, हे सांगितलं होतं त्याच जॉन जॉर्डननं. २००० साली उघड झालं की ते तिच्या शेजाऱ्याचं, ॲडम पामरचं होतं. तिचं खरं घर त्याच्या बाजूलाच उभं होतं, ग्लीब फार्म नावानं. नंतर विटा चढवल्यामुळे ते जुनं दिसतच नव्हतं. लाकडांच्या वर्तुळांवरून त्याचं साल १५१४ निघालं. इतक्या लोकांनी इतकी वर्षं जुनं ‘दिसणारं’ घर पाहिलं आणि खऱ्या घराकडे पाठ केली. बदललेलं घर म्हणजे कमी खरं घर, ही समजूतच त्यामागे होती.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. साउथ डकोटामधल्या वेसिंग्टन स्प्रिंग्ज इथे १९३२ मध्ये शॉटरीच्या घराची नक्कल बांधली गेली, पोस्टकार्डवरच्या चित्रावरून. प्रेमानं बांधलेली वास्तू आहे, मी तिची थट्टा करणार नाही. पण चित्रावरून आकार घेता येतो, आकारामागचं कारण घेता येत नाही.

ट्रस्टच्या बाजूनंही बोललं पाहिजे. शेक्सपियरनं स्वतः विकत घेतलेलं स्ट्रॅटफर्डमधलं घर, न्यू प्लेस, नंतरच्या मालकानं १७५९ मध्ये पाडून टाकलं. शॉटरीचं घर उभं आहे ते ॲनच्या नावामुळे. १९६९ मध्ये इथे आग लागून मोठं नुकसान झालं, तेव्हा दुरुस्तीला पैसा आणि कारागीर उभे राहिले तेही त्या नावामुळेच. निनावी शेतघराच्या गवताला आग लागली असती तर वर पत्रा आला असता. तेव्हा नाव नको असं मी म्हणत नाही. नावानं घर वाचवावं, पण घराच्या वतीनं बोलू नये, एवढंच म्हणणं आहे.

तुम्ही पुढे कधी गेलात तर तीन ठिकाणी थांबा. बुटकं छप्पर आणि उंच छप्पर जिथे मिळतं तिथे. वरच्या खोलीत, जिथे वाकडं लाकूड फळीतून वर येतं तिथे. आणि त्या १६९७ च्या दगडापाशी. तिन्ही ठिकाणी ॲन नाही. तिन्ही ठिकाणी कोणीतरी आपल्या अडचणीवर घराकडून उत्तर काढून घेतलेलं आहे.



श्रोत्यांमधून एक प्रश्न

प्रश्न: सर, मग १८९२ मध्ये ट्रस्टनं काय करायला हवं होतं? सगळंच ठेवायचं म्हटलं तर घर कोसळेल.

उत्तर: बरोबर आहे, सगळंच ठेवता येत नाही. कुजलेलं लाकूड काढावंच लागतं, गवत बदलावंच लागतं. माझी अट साधी आहे. काढण्याचं कारण ‘हे सडलंय’ किंवा ‘यानं बाकीच्याला धोका आहे’ असं असावं. ‘हे आमच्या गोष्टीत बसत नाही’ हे कारण नसावं. आणि जिथे काही काढलं तिथे त्याची खूण राहावी, भिंतीवर म्हणा, पाहुण्याच्या हातातल्या पत्रकात म्हणा. भाडेकरूंचं दार इथे होतं, एवढं एक वाक्य. त्यानं शेक्सपियरचं काही कमी होत नाही.